सेनापती माझे, शस्त्रं मकसूदची

गणपती गेले की पेणजवळच्या आमच्या जोह्यात एकदम शांतता पडायची. त्याआधीचे कित्येक महिने घरात आवाजाशिवाय दुसरं काही नसायचं. रंगाच्या कंप्रेसरची घरघर, पॉलिशपेपरची खसखस, कारागिरांच्या रेडिओवरची गाणी, माल उचलायला आलेल्या ट्रकवाल्यांची घाई, आणि या सगळ्याच्या वर आवाज चढवून बोलणारी आई. विसर्जन झालं की सगळं थांबायचं, आणि मग ऐकू यायचा तो फक्त डोलवीच्या बाजूने येणारा धप्प धप्प आवाज. तिकडे कंपनी उभी राहत होती, दिवसभर जमिनीत खांब ठोकले जात होते. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या मूर्तींच्या कारखान्याच्या दारात पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "आता त्यांचा सीझन चालू झाला." जेवणसुद्धा या दिवसांत जेवणासारखं व्हायचं. सीझनमध्ये भाताला रंगाचा वास यायचा आणि ताटावर कुणी दोन घटका टेकायचं नाही. आता आई खाडीतल्या निवट्या माशांचं तिखटजाळ कालवण करायची, तांदळाच्या भाकऱ्या एकेक करून तव्यावरून थेट ताटात टाकायची, आणि आम्ही बोटं चाटत, गप्पा मारत, हात वाळेपर्यंत बसून राहायचो.

आबांचं नाव होतं ते आखणीसाठी. साच्यातून मूर्ती काढणारे गावात घरोघरी होते, पण गणपतीचे डोळे आखायला शेजारच्या कारखान्यांतूनही आबांना बोलावणं यायचं. मी बारावी झाले आणि कारखान्यातच बसले. माती मळायची, साचे भरायचे, सांधे घासायचे, असं करत बरीच वर्षं गेली. बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली, माझं जमलं नाही, आणि एक दिवस मी सांगून टाकलं की मला पेणच्या कॉलेजात जायचंय. आई म्हणाली, "एवढी थोराड झालीस, आता त्या पोरांच्यात बसणार काय गो?" पण कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मला एसटीच्या थांब्यावर सोडायला आबा स्वतः आले, आणि गाडी आल्यावर, मी लहान असल्यासारखं कंडक्टरला सांगितलं, "पेणला उतरवा हिला." वर्गात सगळे मला ताई म्हणायचे. इतिहास घेतला होता, आणि तो मला मनापासून आवडत होता.

इतिहासाच्या आमच्या सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते हयात आहेत आणि हे कधी वाचलंच तर यात त्यांना माझी सभ्यता दिसेल. ती सभ्यता नव्हे. नाव लिहिलं तर लोक एका माणसावर राग काढून मोकळे होतील, आणि मला ते नको आहे. सर शिकवायचे मात्र छान. शेवटच्या वर्षाला असताना रोह्याच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शन ठरलं, आणि सरांनी आमच्या कॉलेजसाठी विषय निवडला: रशिया आणि चीन यांच्या यादवी युद्धांतले सेनापती आणि त्यांची शस्त्रं, एक तुलना. रशियाचे तेव्हा नुकतेच तुकडे झाले होते, त्यामुळे विषय ताजा वाटेल असं त्यांचं म्हणणं. तक्ते इतर मुलं करतील, पण नुसत्या तक्त्यांना कोण बघतो, तेव्हा सेनापतींचे मातीचे पुतळे तू कर, असं त्यांनी मला सांगितलं. "आणि शस्त्रं मकसूद करेल," ते म्हणाले. "लाकडाची. अगदी हुबेहूब झाली पाहिजेत." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतंय, कारण पुढे तेच वाक्य आपण बोललोच नाही असं ते म्हणाले.

मकसूद मूळचा रोह्याचा. पेणला मामाच्या फर्निचरच्या दुकानात राहून शिकत होता. सकाळी कॉलेज, दुपारपासून रंधा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, सडपातळ, कानावर कायम पेन्सिल खोचलेली, आणि वर्गात कुणाचं बाक डुगडुगत असेल तर तास चालू असताना खाली वाकून त्याच्या पायाला कागदाची घडी लावणारा. मलाही तो कुंदाताईच म्हणायचा. आठवड्यातून दोन-तीनदा तो सायकल मारत जोह्याला यायचा, मामीने दिलेली सांदणं डब्यातून आणायचा, आणि आईने वाढलेलं कालवण हात मागे न घेता खायचा. आईला जेवणारं माणूस आवडतं. पहिल्याच दिवशी ती त्याला "बाला, अजून घे" म्हणाली आणि पुढे त्याचं तेच नाव आमच्या घरात पडलं.

माहिती गोळा करताना आमचे हाल झाले. रशियाची अडचण नव्हती. गुळगुळीत कागदाची ती रशियन मासिकं वाचनालयात ढिगाने होती, निम्म्या तालुक्याने त्याच कागदांची कव्हरं घालून शाळा केली होती. चीनचं मात्र काही मिळेना. चीनचं नाव काढलं की वाचनालयातले गृहस्थ चष्म्यावरून बघायचे. शेवटी मकसूदने मुंबईच्या फुटपाथवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि आम्ही दोघं शब्दकोश घेऊन ते वाचत बसलो. ती परकी नावं आबांच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही सेनापतींना घरगुती नावं ठेवली. रशियाच्या लाल घोडदळाचा सरदार तो मिशाळ, त्याच्या मिशा खरोखरच दोन्ही खांद्यांकडे निघालेल्या. सगळं युद्ध चिलखती आगगाडीतून हिंडत चालवणारा तो चष्मेवाला. त्यांच्या विरुद्ध बाजूचा एक आरमाराचा अधिकारी, जो समुद्रापासून हजारो मैल आत बर्फात बसून लढला, त्याला आबा म्हणायचे वाट चुकलेला तांडेल. चीनकडचा पहिला तो कावडवाला. तो एवढा मोठा सेनापती, पण शिपायांबरोबर स्वतः खांद्यावर कावड घेऊन डोंगरावरून धान्य वाहायचा. शिपायांनी त्याला विश्रांती मिळावी म्हणून कावड लपवून ठेवली तर याने दुसरी करून घेतली. दुसरा एकडोळ्या, ऐन तरुणपणी लढाईत एक डोळा गमावलेला. त्याचा पुतळा झाला तेव्हा आबा कुंचला घेऊन किती तरी वेळ नुसते बसून राहिले. जन्मभर गणपतीचे डोळे उघडत आलेला माणूस. मला म्हणाले, "एकच काढायचा? दुसरा नुसता झाकून ठेवू?" मी हो म्हटलं. त्यांनी तो झाकलेला डोळा असा काढला की आतली खोबण कळावी, पण बघणाऱ्याला किळस वाटू नये.

शस्त्रांवरून मात्र माझे आणि मकसूदचे रोज वाद. माझं म्हणणं, सेनापतीवर सगळं असतं. रशियाचा मिशाळ आधी झारच्या फौजेत साधा हवालदार होता, घोडा त्याच्या रक्तात होता, म्हणून त्या मोकळ्या मैदानांत घोडदळ चाललं. चीनच्या कावडवाल्याकडे ना घोडे ना मैदान, म्हणून तो डोंगरात शिरला, पायात गवताच्या चपला घालून रात्रीचा चालला. मकसूद म्हणायचा, ताई, तू उलटं बघतेस. हातात काय आहे त्यावरून माणूस कसा लढेल ते ठरतं. रशियात लाल फौजेच्या ताब्यात देशाचा मधला भाग होता, तिथेच जुन्या झारची तोफा-बंदुकांची कोठारं आणि कारखाने होते, आगगाड्याही तिथूनच सुटायच्या, म्हणून त्यांचं युद्ध आगगाडीवरून चाललं. विरुद्ध बाजूला परदेशी बोटींतून माल यायचा, तो किनाऱ्यावरून आत पोचेपर्यंत निम्मा वाटेतच जिरायचा. चीनमध्ये सुरुवातीला लाल गोंडे लावलेले भाले आणि पाठीला बांधलेल्या रुंद पात्याच्या तलवारी, बाकी सगळं शत्रूकडून हिसकावलेलं. शेवटी तर शत्रूला मिळालेल्या परदेशी बंदुका घेऊनच त्यांनी शत्रूला हरवलं. त्याला सगळ्यात आवडली होती ती रशियन घोडागाडी, मागच्या बाजूला मशीनगन बसवलेली. पळताना पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडता याव्यात म्हणून तोंड उलटं. आणि एक लांब नळीचं जर्मन पिस्तूल होतं, त्याचं म्यान लाकडाचं, तेच म्यान मागे जोडलं की पिस्तुलाची छोटी बंदूक व्हायची. हे पिस्तूल रशियातही होतं आणि चीनमध्येही होतं, दोन्ही बाजूंकडे होतं. मकसूदने सागाच्या तुकड्यातून ते बोटभर केलं, आणि त्याचं म्यान खरोखर जोडता यायचं. आबांनी ते तळहातावर घेऊन कितीदा तरी लावून-काढून पाहिलं. मी पुतळ्यांच्या मुठीत शाडू ओला असतानाच भोक ठेवत होते, त्यात त्याची शस्त्रं अचूक बसायची. सगळ्यात मोठी बंदूक होती ती वीतभर. हे माप लक्षात ठेवा.

मुंबईतल्या स्फोटांना तेव्हा बरेच महिने उलटून गेले होते. पण स्फोटकांचा तो माल आमच्याच जिल्ह्याच्या, श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावर उतरला होता, त्यामुळे रस्त्यांवरचे नाके अजून उठले नव्हते. एसटी थांबायची, हवालदार चढायचे, एखादी पिशवी उघडून बघायचे, आणि गाडी पुढे जायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. प्रदर्शनाच्या सकाळी मी आणि मकसूद पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. माझ्याकडे पेंढा घालून बांधलेल्या आंब्याच्या दोन पेट्या, आत सेनापती. त्याच्या मांडीवर पत्र्याची ट्रंक, आत शस्त्रं आणि ती करण्यासाठी काढलेली चित्रं. वाटेत एका नाक्यावर गाडी थांबली. कुठला नाका, कुठलं ठाणं, तेही लिहीत नाही. हवालदाराने आधी माझी पेटी उघडायला लावली. पेंढ्यातून मिशाळ वर आला. हे काय म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं, कॉलेजचं प्रदर्शन आहे. गाव विचारलं, जोहे म्हटल्याबरोबर तो हसला, गणपतीवाल्यांची काय, म्हणाला, आणि दुसरी पेटी त्याने उघडलीच नाही. मग ट्रंक. झाकण उघडलं आणि तो मकसूदकडे बघत म्हणाला, "नाव काय?"

मकसूदने नाव सांगितलं. त्यानंतर कुणी त्या ट्रंकेकडे नीट बघितलंच नाही. बाप काय करतो, मामा काय करतो, श्रीवर्धनकडे कोण नातेवाईक आहेत, ही चित्रं कुणी दिली, बंदुकीचे हे भाग तुला कसे माहीत. मी मधे बोलत होते, हे आमचं दोघांचं काम आहे, हे माझ्या पुतळ्यांच्या हातात बसवायचंय, आणि तो हवालदार मला म्हणत होता, तुम्ही बसा बाई, तुम्हाला कोण विचारतंय. मकसूदला खाली उतरवला. गाडीतली माणसं खिडकीबाहेर बघू लागली, एक जण गाडीला उशीर होतोय म्हणून कुरकुरला. मी पेट्या घेऊन उतरले. कंडक्टरने घंटी मारली. जीपमध्ये बसवताना मकसूदने मागे वळून मला एवढंच सांगितलं, "ताई, सरांना बोलव. ते आले की होईल."

मिळेल त्या टेंपोने मी रोह्याला पोचले. सर हॉलमध्ये तक्त्यांना पिना लावत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पिन खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा:

"त्याने माझं नाव घेतलं का?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. मग कळलं. इतक्या वर्षांत मी चांगल्या-वाईट अनेक गोष्टी ऐकल्या, पण एखाद्या माणसाकडे बघण्याची माझी नजर एका वाक्याने अशी पार बदलावी, असं पुन्हा झालं नाही. मग ते म्हणाले, पाहुणे येतायत, कार्यक्रम होऊ दे, मग बघू. पुतळे मांड म्हणाले. मी म्हटलं, ज्यांची शस्त्रं कोठडीत आहेत ते सेनापती मी इथे मांडणार नाही. पेट्या उचलून मी बाहेर पडले. कार्यक्रम झाला, भाषणं झाली, तक्त्यांवर आमच्या कॉलेजला दुसरा क्रमांक मिळाला आणि सरांनी तो स्वीकारला, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा मकसूदच्या घरी होते. त्याची आई तांदूळ निवडत होती. मी सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, त्याने सकाळी काही खाल्लं होतं का. वडील उठून सदरा घालू लागले, पण त्यांना बाह्या सापडेनात.

दुसऱ्या दिवशी आबा आले. धुतलेला पांढरा शर्ट, पायात चपला, लग्नाला निघाल्यासारखे. आबा, मी आणि मकसूदचे वडील असे तिघं ठाण्यात गेलो. साहेब अगदी सज्जनपणे बोलले. आबांनी पेटी सोडली आणि पुतळे एकेक करून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, ट्रंकेतलं एखादं हत्यार द्या. साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ते बोटभर पिस्तूल काढून दिलं. आबांनी ते मिशाळच्या मुठीत बसवलं. बसलं. त्यांनी पुतळा साहेबांकडे वळवला.

"साहेब, हात माझ्या पोरीने केलेत, बंदुका ह्या पोराने. गुन्हा असंल तर दोघांचा हाय. ठेवायचं तर दोघांना ठेवा, नायतर दोघांना सोडा."

साहेब म्हणाले, तुमच्या मुलीचा यात काही संबंध नाही, तुम्ही घरी जा. आणि मुलाचं म्हणाल तर कॉलेजातल्या कुणी जबाबदार माणसाने येऊन सांगावं की हे काम कॉलेजचं आहे, मी लगेच सोडतो. म्हणजे दोन वाक्यं पाहिजे होती. फक्त दोन.

आम्ही तसेच पेणला सरांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा आला. सर आबांशी फार अदबीने बोलले. दिवस वाईट आहेत म्हणाले. मी पुतळे सांगितले होते, बंदुका सांगितल्याच नव्हत्या, ती त्या मुलाची हौस, असंही म्हणाले. मी म्हटलं, सर, विषयातच शस्त्रं होती, हुबेहूब पाहिजेत असं तुम्हीच म्हणालात. माझ्याकडे न बघता ते आबांना म्हणाले, "मला तुमच्या मुलीची काळजी वाटते. ती त्या मुलाबरोबर एकटी प्रवास करत होती. प्रकरण वाढलं तर चार लोक चार गोष्टी बोलतील."

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. ज्या मुलाला माझी आई बाला म्हणते, जो मला ताई म्हणतो, त्याला वाचवायला दोन वाक्यं बोलायची नाहीत, म्हणून हा विद्वान माणूस माझ्या बापाला माझ्याच अब्रूची भीती घालत होता. आबांनी हातातली कपबशी तशीच भरलेली खाली ठेवली.

"माझ्या पोरीचा नाव मी जोह्यात सांभालतंय सर," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या नावाचा बघा."

खाली रस्त्यावर आल्यावर आबा थांबले. मग म्हणाले, प्रदर्शन राहिलं ना तुझं? मी हो म्हटलं. ते म्हणाले, चल, मांडू.

ठाण्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, एसटीच्या थांब्याला लागून सिमेंटचा लांब कट्टा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या कट्ट्यावर सगळे सेनापती ओळीने मांडले. एका बाजूला रशियाचे, एका बाजूला चीनचे. मुठी सगळ्यांच्या रिकाम्या. आईसुद्धा आली होती, भाकऱ्या बांधून, मकसूदच्या आईला सोबत घेऊन. दोघी बायका कट्ट्याच्या टोकाला बसल्या. गाडीची वाट बघणारी माणसं आधी लांबून बघत होती, मग जवळ आली. मिठागरावर निघालेल्या बायका टोपल्या टेकवून उभ्या राहिल्या. हे कुणाचे गणपती गो, म्हणून एकीने विचारलं. आणि मी सांगायला लागले. मिशाळ कोण, कावडवाला कोण, तो कावड का वाहायचा, तांडेल वाट कशी चुकला, घोडागाडीवरची मशीनगन उलटी का. कॉलेजात मी इतकी नीट कधीच बोलले नव्हते. मकसूदची बाजूही मीच मांडत होते, त्याच्या शब्दांत, कारण ती बाजू त्याच्याइतकी मला पाठ झाली होती, आणि मांडता मांडता मला पटायलाही लागली होती. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचंच, यांच्या हातात काहीच कसं नाही. मी समोर बोट दाखवायचे. यांची हत्यारं तिथे आत ठेवलीत, आणि ती करणारा मुलगापण. केवढी होती हत्यारं, असं विचारलं की आबा हाताची वीत ताणून दाखवायचे. माणसं त्या वितीकडे बघायची, ठाण्याकडे बघायची, आणि हसायची. मला हसू येत नव्हतं.

दुपारी एक उंच, म्हातारे गृहस्थ आले. फौजेतून निवृत्त झालेले, बोलण्यावरून कळत होतं. चिनी सेनापती बघून त्यांचा चेहरा कडक झाला. मी चीनच्या सरहद्दीवर होतो, म्हणाले, माझे दोस्त तिथे राहिले, आणि तुम्ही यांच्या मूर्त्या करता? मी म्हटलं, काका, हे त्याच्या आधीचं, त्यांचं त्यांच्यातलं युद्ध आहे, आणि पूजेला नाही केलेले, समजून घ्यायला केलेत. मग त्यांनी मुठींचं विचारलं. मी सांगितलं. ते वळले आणि आबांशेजारी कट्ट्यावर बसले. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत तिथेच होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आधी येऊन बसलेले होते.

त्या दुसऱ्या दिवशीच साहेबांनी आबांना आत बोलावलं. आबांनी नंतर सांगितलं, साहेब रागावले नव्हते, वैतागले होते. एवढंच म्हणाले, "हा तमाशा उचला आणि पोराला घेऊन जा."

मकसूद बाहेर आला. त्याचा शर्ट चुरगळला होता आणि तो पाय जपून टाकत होता. आईने विचारलं, मारलं काय रे बाला? तो म्हणाला, नाही. त्याच्या आईने त्याचा हात धरला तेव्हा त्याने तो हळूच सोडवून घेतला, दुखत असल्यासारखा. गुन्हा नोंदला नव्हता, त्यामुळे आरोपही नाही आणि निर्दोष सुटकाही नाही. कागदावर काही झालंच नव्हतं. ट्रंक परत मिळाली, शस्त्रं नाही. मी ती मागायला आत निघाले तर मकसूद म्हणाला, "राहू दे ताई. मला नकोत."

रोह्याहून पेणकडे येणाऱ्या पॅसेंजरने आम्ही परत आलो. कासू स्टेशनला गाडी बराच वेळ थांबली होती. आईने भाकरी सोडली, सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. मकसूदने आपला तुकडा हातात धरून ठेवला आणि पेण येईपर्यंत खाल्ला नाही. पेणला उतरल्यावर तो सरळ मामाकडे गेला. परीक्षेला बसला नाही. मी दोनदा त्याला समजवायला गेले, दोन्ही वेळा तो रंधा मारत राहिला. उन्हाळ्यात तो आखातात गेला, सुतार म्हणून. आज तिकडे त्याचं स्वतःचं काम आहे, घरदार आहे, ईदला फोन येतो, आईची चौकशी करतो. त्या आठवड्याबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही. इतिहासात मी कॉलेजात पहिली आले, आणि सरांनी व्हरांड्यात मला गाठून अभिनंदन केलं. मी उत्तर दिलं नाही. एवढंच माझ्या हातात होतं. मकसूद माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही, रागाने लिहितेय.

आबा गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला. थोड्या वर्षांपूर्वी सरांच्या सत्काराची समिती जोह्याला आली. माजी विद्यार्थी, त्यात वकील, डॉक्टर, एक जण मोठ्या पदावरचा. सरांचा अर्धपुतळा करायचा होता, तोही त्यांच्याच विद्यार्थिनीच्या हातून, असा त्यांचा विचार. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि मी हा पुतळा करणार नाही असं सांगितलं. कारण विचारल्यावर जे इथे लिहिलंय ते सगळं सांगितलं. मग वकील म्हणाले, सरांनी किती पिढ्या घडवल्या, त्यापुढे ही एक गोष्ट. वय झालंय त्यांचं. झालं ते झालं, आता सोडून द्यावं.

मी म्हटलं, झालं ते झालं असं ज्याचं झालं त्याने म्हणायचं असतं. तुम्ही नाही, मीपण नाही.

ते उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्यातले डॉक्टर मागे वळले आणि जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, एवढी वर्षं झाली, तुम्हाला अजून राग आहे म्हणजे."

"हो," मी म्हटलं. "आहे."